अमेरिकेची घटना शिकताना आधी मूळ मजकूर वाचावा की आधी खटले?

रेवती_एडिसन
आम्ही चौघीजणी इथे एडिसनला (न्यू जर्सी) दर शनिवारी लायब्ररीत बसून अमेरिकेची घटना शिकतोय. दोघींना यंदा नागरिकत्वाचा अर्ज करायचाय, बाकी दोघींना नुसतंच समजून घ्यायचंय. पहिल्याच दिवशी वाद झाला तो इथे मांडते.

माझं म्हणणं असं की आधी मूळ घटना वाचायची, व्हिडिओ आणि गाईडं नंतर. सात कलमं, २७ दुरुस्त्या, मूळ मजकूर साडेचार हजार शब्दांच्या आसपास, म्हणजे भारताच्या घटनेसारखा जाडजूड ग्रंथ नाहीच तो, एका बैठकीत वाचून होतो. आणि न वाचता माणसं काय काय धरून बसतात बघा. आमच्यातली एक म्हणाली की नवऱ्याला कंपनीने एका पोस्टवरून नोटीस दिली, हा फर्स्ट अमेंडमेंटचा (भाषणस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती) भंग आहे, केस टाकायला हवी. मी पान उघडून तिला पहिलंच वाक्य दाखवलं, काँग्रेस असा कायदा करणार नाही (काँग्रेस म्हणजे इथली संसद). खाजगी कंपनीचं त्यात नावही नाही. दोन मिनिटांत विषय संपला, आणि हे मजकुरानेच झालं ना?

नागपूरकर_वकील
रेवतीताई, तुमची मेहनत मनापासून आवडली, पण हा रस्ता चकवा आहे. तुमचंच उदाहरण घेतो. त्या वाक्यात फक्त काँग्रेस आहे, मग उद्या न्यू जर्सी राज्याच्या सरकारने तुमचं तोंड बंद केलं तर चालेल का? नुसत्या मजकुरावर बोट ठेवलं तर चालेल! १८३३ मध्ये बॅरन नावाचा बाल्टिमोरचा धक्क्याचा मालक कोर्टात गेला होता, शहराच्या कामांमुळे गाळ साचून त्याच्या धक्क्याला जहाजं लागेनात, त्याला पाचव्या दुरुस्तीखाली भरपाई हवी होती. सरन्यायाधीश मार्शलनी सांगितलं की हे हक्क केंद्र सरकारपुरते, राज्यांना लागू नाहीत. राज्यांवरही भाषणस्वातंत्र्याचं बंधन आहे हे कोर्टाने मान्य केलं १९२५ च्या गिटलो केसमध्ये, तेही राज्यांना बांधणाऱ्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधाराने. (गिटलो स्वतः हरला, शिक्षा कायम राहिली. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी याच केसचा दाखला दिला होता, की अमेरिकेतसुद्धा मूलभूत हक्क अमर्याद नाहीत.) आणि कायदा घटनाबाह्य ठरवायचा कोर्टाचा अधिकार, तो तरी मजकुरात कुठे लिहिलाय? तो आला १८०३ च्या मारबरी केसमधून. म्हणून खटल्यांपासून सुरुवात करा.

ओहायोतला_पाटील
वकीलसाहेबांना पाठिंबा. मी डेटनजवळ राहतो, याच भागात फिलबर्न नावाचा शेतकरी होता. सरकारने त्याला गव्हाला ११.१ एकर ठरवून दिले होते, त्याने पेरले २३. म्हणाला जास्तीचा गहू घरच्या कोंबड्या-गुरांना आणि घरात खायला, मी बाजारात नेतच नाही. दंड झाला ११७ डॉलरच्या वर. घटनेत अधिकार काय दिलाय, तर राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन, आणि १९४२ मध्ये सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं की घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस, असे सगळे वागले तर देशाच्या भावावर परिणाम होतो, म्हणून हाही त्यातच आला. आमच्या घरी सांगलीला ऊस आहे, वडिलांना फोनवर हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. आता सांगा, मूळ ओळ शंभर वेळा वाचून हे कुणाला सुचलं असतं?

रेवती_एडिसन
नसतं सुचलं, मान्य. पण दादा, तो निकाल ताणलेला आहे हे तुम्हाला जाणवलं कशामुळे? मूळ ओळ माहीत होती म्हणूनच ना? १९९५ च्या लोपेझ केसमध्ये कोर्टानेही सांगितलंच की शाळेजवळ बंदूक बाळगणं म्हणजे व्यापार नव्हे, कुठेतरी रेघ हवी. ती रेघ मजकुरातूनच निघते.

मानसी_सनीवेल
मी रेवतीच्या बाजूने, आणि माझ्यासाठी हा नुसता अभ्यासाचा विषय नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा २० जानेवारी २०२५ चा आदेश आला, की आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले नसतील तर इथे जन्मलेलं बाळ नागरिक धरायचं नाही, तेव्हा माझी बहीण सहा महिन्यांची गरोदर होती, दोघंही व्हिसावर. कोर्टांनी तो अडवला, पण ते दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा चौदावी दुरुस्ती वाचली. इथे जन्मलेले आणि इथल्या अधिकारक्षेत्राखाली असलेले सगळे नागरिक. अख्खा वाद त्या अधिकारक्षेत्राच्या तुकड्यावर आहे हे वाचल्यावरच कळलं, टीव्हीवरच्या तासभर आरडाओरड्यातून नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क, आईवडील चिनी, त्यांना इथलं नागरिकत्व घेताच येत नव्हतं, तरी १८९८ मध्ये कोर्टाने त्याला नागरिक ठरवलं ते याच ओळीवर.

नागपूरकर_वकील
मानसीताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण ती एक ओळ पुरेशी नाही हे तिथेच दिसतं. १८८४ मध्ये तीच ओळ घेऊन जॉन एल्क कोर्टात गेला होता, जन्म याच मातीतला, नेटिव्ह अमेरिकन, ओमाहात मतदार यादीत नाव घालायला गेला तर हाकलला. कोर्ट म्हणालं जमातीत जन्मला म्हणून तो पूर्णपणे अधिकारक्षेत्राखाली नाही, नागरिक नाही. मजकुरात अक्षरही बदललं नव्हतं. सगळ्या नेटिव्ह अमेरिकनांना नागरिकत्व मिळालं ते १९२४ च्या कायद्याने.

रेवती_एडिसन
एल्क मला माहीत नव्हता. आत्ता दोन्ही निकाल उघडले तर बहुमताचा निकाल दोन्हीकडे एकाच न्यायमूर्तींचा, होरेस ग्रे. आणि एल्कच्या बाजूने विरोधी मत देणारे हार्लन चौदा वर्षांनी वाँगच्या विरोधात बसलेत. येत्या शनिवारी आधी ती ओळ वहीत लिहायची आणि मग हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायचे, प्रिंट काढायला टाकलेत.