रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गरीला लागलेला लहान मासा परत सोडावा की नाही?

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर) :
आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. तरीही गेली नऊ वर्षे आम्ही चार मित्र दिवाळीनंतर रात्रभर गाडी चालवून रेवदंड्याला जातो आणि कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते त्या बाजूच्या वाळूवरून गरी टाकतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आम्ही मुद्दाम निवडतो, कारण भरतीचे पाणी चढू लागले की बोयी माशांचे थवे खाडीत शिरतात आणि त्यांच्या मागावर जिताडा हा मोठा शिकारी मासा येतो. यंदा पहाटे सात मासे लागले, पण त्यांतील पाच वीतभरही नव्हते. ते सोडून द्यावेत असे आम्हा तिघांचे मत होते. चौथ्याला ते पटले नाही आणि अहिल्यानगर येईपर्यंत गाडीत हाच वाद चालला.

राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला, कारण एकदाही वीण न झालेला मासा काढला तर पुढची पिढीच खुंटते. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे त्यांच्याकडून ही अपेक्षा असेल, तर हौसेने गेलेल्या आपण ती अधिक काटेकोरपणे पाळली पाहिजे. मासा ओल्या हाताने धरावा, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जाऊ देऊ नये आणि गरी घशात खोल गेली असेल तर ती न ओढता दोरा तोंडाजवळ कापून त्याला पाण्यात सोडावे.

मांजराकाठ (लातूर) :
दादा, आपला हेतू चांगला आहे, परंतु जो जीव खायचा नाही त्याच्या जबड्यात गरी रुतवायचीच कशाला? सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे तो जगला, असे आपण किनाऱ्यावरून ठामपणे सांगू शकत नाही. त्यापेक्षा लहान-मोठा जो लागेल तो ठेवावा आणि संध्याकाळच्या कालवणापुरते झाले की दोरा गुंडाळून मुक्कामी परतावे. त्या हिशेबाने आपल्या चौथ्या मित्राचेच खरे होते.

पूर्णाकाठ (परभणी) :
माझा आक्षेप वेगळा आहे. शिंगाळा या समुद्री माशाचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. पर्ससीन या भल्या मोठ्या, गोलाकार वेढा घालणाऱ्या जाळ्याने असा थवा वेढला की बाप आणि अंडी एकदमच जातात. तिथे आपल्या पाच माशांनी काय फरक पडणार?

पैठणकर :
आमच्या भोई घरात तीन पिढ्या जाळे विणले जाते. १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण होण्याआधी आजोबा वाहत्या गोदावरीत मासे धरत. रोहू, कटला, मृगळ यांना विणीसाठी पुराचे वाहते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. म्हणून धरणात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. ती पकडणे म्हणजे पेरलेले बियाणे उकरून खाणे, हे आम्हाला लहानपणीच शिकवले गेले. मात्र हाच न्याय जिताड्याला जसाच्या तसा लावू नका. जिताडा आधी नर असतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो. म्हणजे आपण लहान सोडून सर्वांत मोठा अभिमानाने घरी आणता, तेव्हा बहुधा अंडी देणारी मादीच नेता. मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात, आणि तिच्या जागी दुसरी तयार व्हायला वर्षे लागतात. नियम करायचाच असेल तर तो दोन्ही टोकांना करा.

गोदाकाठ :
पैठणकर काका, जिताड्याचे हे मला ठाऊक नव्हते. गेल्या वर्षीचा आमचा सर्वांत मोठा मासा बहुधा मादीच होता, याचे आता मनापासून वाईट वाटते. पूर्णाकाठ, पर्ससीनचे आपले म्हणणे खरे आहे. पण त्या जाळ्याचा दोर माझ्या हातात नाही, माझ्या गरीचा आहे. मांजराकाठ यांचे ‘कालवणापुरते झाले की थांबावे’ हे मी पूर्णपणे मान्य करतो, मात्र सोडूच नये हे नाही, कारण पाण्याखाली कोण आमिष घेणार हे आपण ठरवू शकत नाही आणि चुकीचा मासा लागला तर त्याला पाण्यात परत पाठवण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. पुढच्या वेळी हातभराहून लहान जिताडा आणि थोराड जिताडा दोन्ही सोडू. वरची मर्यादा रेवदंड्याच्या कोळी बांधवांना विचारून ठरवू आणि दोन्ही खुणा काठीवर सुताने बांधून घेऊ. काकांचे उत्तर चौथ्या मित्राला आजच पाठवतो.