‘डीफॉल्ट’ला ‘पूर्वनिर्धारित’ म्हणायचं का?

जळगावहून:
कॉलेजात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते, नोट्स मराठीत काढतेय. त्यातला रोसेटप्रोव्हायडर हा क्लास (कोडचा एक घटक) रोसेट, म्हणजे डेटाबेसमधल्या ओळी धरून ठेवणारी वस्तू, बनवणारी फॅक्टरी शोधून देतो. फॅक्टरी हाही एक क्लासच. कुठलीच सापडली नाही तर जेडीकेसोबत (जावाच्या मूळ साधनसंचासोबत) आलेली देतो. या ‘डीफॉल्ट इम्प्लिमेंटेशन’ला मी ‘पूर्वनिर्धारित अंमलबजावणी’ लिहिलं, तर मुलांना वाटलं जावा सगळ्यात आधी हीच वापरते. शिवाय आपल्याकडे डिफॉल्टर म्हणजे सोसायटीचं कर्ज थकवलेला. दुसरा शब्द सुचवा ना.

धुळ्याहून:
ताई, त्या ‘पूर्व’नेच घोळ होतो. रोसेटप्रोव्हायडरमधली न्यूफॅक्टरी() ही मेथड काही न देता बोलावली की ती आधी जावाएक्स.एसक्यूएल.रोसेट.रोसेटफॅक्टरी ही सिस्टिम प्रॉपर्टी, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना नावाने दिलेली सेटिंग, बघते. ती नसेल तर सर्व्हिसलोडर हा जावाचा शोधणारा क्लास जार फायलींतल्या (जावा कोडच्या गठ्ठ्यांतल्या) मेटा-इन्फ/सर्व्हिसेस या फोल्डरमध्ये नोंद शोधतो. तिथंही काही नसेल, तेव्हा कुठे जेडीकेची फॅक्टरी. म्हणजे रांगेत ती शेवटची! खानावळीत भाजीचं नाव सांगितलं नाही की शेवभाजी ताटात येते, तसं. ‘न सांगता मिळणारी’ म्हणा.

भुसावळहून:
‘पर्यायी’ कसं वाटतं?

धुळ्याहून:
नको भाऊ. पर्यायी म्हटलं की पहिली बिघडली तर दुसरी, असा अर्थ निघतो. इथे तसं होत नाही. प्रॉपर्टीत चुकीच्या क्लासचं नाव टाकून बघा: एसक्यूएलएक्सेप्शन हा एरर येतो, जेडीकेची फॅक्टरी मदतीला धावत नाही. सांगितलेलं चुकणं वेगळं आणि काहीच न सांगणं वेगळं. हा फरक शब्दात दिसलाच पाहिजे, नाहीतर मुलं नंतर एरर बघून गोंधळतात.

नंदुरबारहून:
हाच अर्थ इतरत्रही जुळतो. अनेक केसमधून (पर्यायांतून) एक निवडणाऱ्या स्विचमधला डीफॉल्ट कुठलाच केस जुळला नाही तर चालतो. जावा ८ पासून इंटरफेसमध्ये (क्लासने कुठल्या मेथड द्यायच्या ते सांगणाऱ्या यादीत) डीफॉल्ट मेथड आहे, क्लासने स्वतःची लिहिली नाही तर ती लागू होते. मूळ जुना फ्रेंच शब्द ‘उणीव’ अशा अर्थाचा, म्हणून थकबाकीदारही त्याच घरातला. हप्ता भरला नाही, नाव दिलं नाही. ‘नाही’ दोन्हीकडे आहे.

जळगावहून:
पटलं. ‘न सांगता मिळणारी’ लिहिते, कंसात डीफॉल्ट. आणि ‘अंमलबजावणी’ही काढते, ती कायद्याची असते. ‘प्रत्यक्ष काम करणारा क्लास’ लिहिलं तर चालेल?

धुळ्याहून:
चालेल. फक्त प्रॉपर्टी, सर्व्हिसलोडर, जेडीके हा क्रम त्याच पानावर द्या.