अडीनडीला गल्लीतलं मंडळ धावून आलं, असे तुमचे अनुभव सांगा

वडगावकर: काल रात्रभर पाऊस. आमच्या बेळगावचा बळ्ळारी नाला कितपत भरलाय बघायला सकाळी गेलो आणि ऑगस्ट २०१९ आठवला. त्या वेळी घरात गुडघाभर पाणी होतं. दोन्ही मागांच्या मोटरी बुडाल्या. बीमवरचं सूत चिखलानं माखलेलं, बाबा नुसते त्यावर हात फिरवत बसलेले. चौथ्या दिवशी मंडळाचे दोन काका आले. चहा घेतला, पावसाचं बोलले, निघताना आईच्या हातात पाकीट ठेवलं. त्यावर नाव नाही, वहीत सही नाही, फोटो नाही. एक मोटर त्यात रिवाइंड झाली, माग सुरू झाला. त्या वर्षी मंडळानं गणपतीचा देखावा केला नव्हता, ते पैसे असे घरोघरी गेले हे आम्हाला नंतर कळलं. बाबा आजही दर महिन्याला मंडळाच्या पेटीत काहीतरी टाकतात.

निपाणीची लेक: आमच्याकडे मंडळ नाही, बायकांची भिशी होती. आई विड्या वळायची, हजार विड्यांवर मजुरी. पान खराब आलं की विड्या छाटात जायच्या, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढायचे, मजुरी कापायचे. माझ्या दहावीच्या वर्षी वडील आजारी पडले. भिशीच्या दिवशी मावशींनी चिठ्ठ्यांचा डबा उघडलाच नाही. म्हणाल्या, 'ह्या खेपेला हिला.' सगळ्या होय म्हणाल्या. अजून लिहिताना डोळे भरतात.

शहापूरचा: @वडगावकर मोटर कुणाकडं रिवाइंड केलीस? आमची परत गरम होतेय.

वडगावकर: फोन कर की, सांगतो.

खानापूरहून: बाबांना बेळगावात दवाखान्यात ठेवलेलं, बारा दिवस. मदतीचा अर्ज कन्नडमधून, मला एक अक्षर वाचता येईना. खिडकीवरून दोनदा परत पाठवलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे अण्णा, गोकाककडचे, त्यांनी पायरीवर बसून अख्खा अर्ज भरून दिला. आणि दोन वेळचा डबा एका गल्लीतल्या मंडळाकडून. भात, आमटी, कधी बटाट्याची भाजी. कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, कुणी विचारलं नाही.

टिळकवाडी: सगळेच असे नसतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एका ठिकाणी रेशनचं किट घेताना फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. भाऊ रिक्षा चालवतो. महिनाभर खाली मान घालून फिरला. तांदूळ संपले, फोटो राहिला. द्यायचं तर वडगावच्या काकांसारखं द्या.

निपाणीची लेक: फार वाईट वाटलं ताई. भाऊ आता बरे आहेत ना?

टिळकवाडी: होय, आता बरं चाललंय.

अनगोळ: घाईत आहे, कुकर लावलाय. पाचवी ते सातवीची मराठी माध्यमाची पुस्तकं आहेत, कव्हरं घातलेली. कुणाला हवीत?

खासबागची: मला हवीत. मोठी पाचवीत गेलीय. सोमवारी कपिलेश्वराला येते, तिथं देता का?

अनगोळ: देते की. आरतीनंतर, बाहेर चपलांपाशी थांबते. दप्तर पण आहे, चेन तेवढी बदलायला हवी.