मदत हवी आहे : बडोदा संस्थानच्या जुन्या कागदांतील ‘चार्ज’ हा शब्द मराठीत कसा उतरवावा?

दांडियाबाजार_वडोदरा

नमस्कार मंडळी,

माझ्या पणजोबांच्या नोकरीच्या कागदांचे मराठी भाषांतर करताना मी ‘चार्ज’ या एकाच इंग्रजी शब्दापाशी वारंवार अडते आहे, आणि कायदा, हिशेब किंवा जुना महसुली कारभार जाणणाऱ्या सभासदांची मला मदत हवी आहे. पणजोबा बडोदा संस्थानच्या महसूल खात्यात वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे मुख्य अंमलदार, होते. हे कागद सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दशकातले आहेत. घरात जपलेली बरीचशी लिखापढी गुजराती व मराठी आहे, पण वरिष्ठांकडून आलेली काही पत्रे इंग्रजीत आहेत. घरातल्या ज्येष्ठांना सगळा संग्रह एकसलग मराठीत वाचता यावा, म्हणून त्यांचे भाषांतर मी हाती घेतले आहे.

शब्दाचे मूळ शोधले तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. लॅटिनमध्ये गाड्याला ‘कारुस’ म्हणत आणि गाड्यावर माल लादण्याच्या क्रियापदापासून, फ्रेंचमार्गे, इंग्रजीत ‘चार्ज’ आला. जहाजावरचा ‘कार्गो’ही त्याच कुळातला. म्हणजे मुळात हे ओझे आहे. बंदुकीत दारू भरली की तो चार्ज, माणसावर जबाबदारी टाकली की तो चार्ज, त्याच्यावर आरोप ठेवला की तो चार्ज, त्याच्याकडून पैसे घ्यायचे ठरले की तोही चार्ज. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेसंबंधीच्या आपल्या पत्रांत हाच शब्द वापरला आणि तो भौतिकशास्त्रात स्थिरावला. आमच्या वडोदऱ्यात शेजारची गुजराती माध्यमाची मुले त्याला ‘विद्युतभार’ म्हणतात, हिंदी पुस्तकांत ‘आवेश’ असतो आणि मराठी पुस्तकांत ‘विद्युतप्रभार’. गुजरातीने व मराठीने मूळचे ओझे जपले, हिंदीने वेगळी वाट धरली, हे मला फार लक्षणीय वाटते.

मात्र मूळ कळल्याने वाक्याचे भाषांतर होत नाही, कारण मराठीने प्रत्येक अर्थाला निराळा शब्द दिलेला आहे आणि त्यातला कोणता कुठे घ्यायचा, हे दर वेळी संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. वस्तू फुकट असेल तर ‘विनामूल्य’, सेवेचे घेतले तर ‘शुल्क’, पोलिसांनी न्यायालयात दिले तर ‘दोषारोपपत्र’, जमावावर काठ्या चालवल्या तर ‘लाठीमार’. हे अर्थ मला अडवत नाहीत. एका पत्रात पणजोबांचे धाकटे बंधू विद्यार्थिगृहाचे अधीक्षक असल्याचा उल्लेख आहे आणि पुढे ‘हिज चार्जेस’ सर्व कुशल आहेत असे म्हटले आहे. तिथे त्यांच्या देखरेखीखालची मुले अभिप्रेत आहेत, हेही उघड आहे.

पदाची सूत्रे देण्या-घेण्याच्या अर्थाने हा शब्द सर्वांत जास्त वेळा येतो. तिथे मी ‘कार्यभार’ वापरते आहे, पण मन पूर्ण मानत नाही. ‘चार्ज दिला, चार्ज घेतला’ हे कचेरीतल्या माणसाचे खरेखुरे मराठी आहे आणि पणजोबांनी स्वतःच्या मराठी टाचणांत तेच लिहिले आहे. इकडची गुजराती वर्तमानपत्रे अतिरिक्त कार्यभाराला ‘वधारानो हवालो’ लिहितात. आपल्याकडेही ‘हवाली करणे’ आहेच. शिवकाळात किल्ल्याचा ताबा ज्याच्याकडे असे तो हवालदार, म्हणजे ‘इन चार्ज’ला आपल्या भाषेत एक भारदस्त शब्द होता, आज हवालदार म्हटले की पोलीस दलातला हुद्दा आठवतो आणि हवाला म्हटले की बेकायदा पैशांची देवघेव, त्यामुळे तो शब्द परत आणणे मला धाडसाचे वाटते.

आता ज्या तीन ठिकाणी मला खरी मदत हवी आहे ती सांगते. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य १९३४ च्या एका पत्रात आहे. देवनागरीत ते असे होईल : ‘द चार्जेस वेअर नॉट ॲडमिटेड, अँड द वहिवाटदार हॅज बीन चार्ज्ड विथ द अमाउंट.’ माझ्या चुलत्यांच्या मते याचा अर्थ, ‘आरोप कबूल करण्यात आले नाहीत आणि वहिवाटदारावर त्या रकमेचा आरोप ठेवण्यात आला आहे,’ असा होतो. तसे असेल तर पणजोबांवर अपहाराचा ठपका आला होता असे मानावे लागेल, आणि घरात त्यासंबंधी कुणी कधी काही बोललेले नाही. मला हा अर्थ पटत नाही, पण केवळ आपल्या माणसावरच्या मायेपोटी तो पटत नाही, असे होता कामा नये. मला भाषेच्या आधारावर उत्तर हवे आहे.

दुसरे वाक्य १९३१ च्या आरंभीचे असून त्यात तीन ‘चार्जेस’ त्यांच्या ‘चार्ज’मध्ये देण्यात येत असल्याचे लिहिले आहे. एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा आला आहे आणि पहिल्याचा अर्थ मला लागत नाही. तिसरे वाक्य एका सावकाराच्या तक्रारीला दिलेल्या उत्तरातले आहे : सरकारी सारा हा जमिनीवरचा ‘फर्स्ट चार्ज’ आहे. इथे ‘पहिला हक्क’ म्हणावे, ‘पहिले देणे’ म्हणावे की आणखी काही?

हिशेबनीस

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन असे वाटते, कारण माझे सारे आयुष्य लेखापरीक्षणात गेले. ‘ॲडमिट’ या क्रियापदाकडे आधी पाहा. आरोपीच्या तोंडी ते ‘कबूल करणे’ असते, पण हिशेब तपासणाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ ‘खर्च मान्य करणे’ असा असतो, आणि लेखापरीक्षणाच्या आक्षेपांत आजही ते याच अर्थाने वापरले जाते. तपासनिसाने ‘चार्जेस नॉट ॲडमिटेड’ असे लिहिले की तो खर्च त्याने नामंजूर केला.

आता दुसरा भाग. इंग्रजीत माणसाला ‘चार्ज्ड विथ’ करतात तेव्हा पुढे काय येते, त्यावर अर्थ ठरतो. पुढे गुन्ह्याचे नाव आले तर आरोप, कर्तव्य आले तर सोपवणूक. रक्कम आली तर ती त्या माणसाच्या खात्यावर टाकली, असा अर्थ होतो. आपल्या वाक्यात गुन्ह्याचे नाव कुठेही नाही. अपहाराचा आरोप असता तर अपहार हा शब्द यायलाच हवा होता. नुसत्या रकमेचा आरोप कुणावर ठेवता येत नाही.

ही हिशेबाची फार जुनी परिभाषा आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराचा कारभारी वर्षअखेरीस जो हिशेब देई, त्याच्या दोन बाजू असत. मालकाच्या वतीने जे जे त्याच्याकडे आले किंवा यायला हवे होते ते ‘चार्ज’, आणि त्याने योग्य रीतीने खर्चून किंवा भरणा करून ज्याचा उलगडा केला ते ‘डिस्चार्ज’. दोहोंमध्ये जे उरे ते कारभाऱ्याने स्वतःच्या पदरचे द्यायचे. यात त्याच्या सचोटीवर शंका घेतलेली नसे. कुणी किती रकमेला जबाबदार आहे, एवढेच त्यातून ठरे. आपल्याकडच्या कीर्दखतावणीत याला अचूक शब्द आहे : ‘नावे टाकणे’. म्हणून माझ्या मते ते वाक्य असे व्हावे : ‘सदर खर्च मान्य करण्यात आला नसून ती रक्कम वहिवाटदारांच्या नावे टाकण्यात आली आहे.’

तरीही एका वाक्यावर विसंबू नये. पत्र कोणत्या कचेरीतून आले, त्याचा विषय काय आणि पुढच्या परिच्छेदात चौकशी आहे की वसुली, हे कृपया कळवावे.

दांडियाबाजार_वडोदरा

हिशेबनीस, आपले मनापासून आभार. पत्र हिशेब खात्यातून आलेले आहे आणि विषयाच्या ओळीत प्रवासाच्या बिलाचा उल्लेख आहे. पुढच्या परिच्छेदात ती रक्कम पगारातून दोन हप्त्यांत कापून घेण्याची सूचना आहे. चौकशी, निलंबन किंवा खुलासा मागवणे यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कागदात बैलगाडीच्या भाड्याबद्दल त्यांनी केलेला अर्ज आहे. तो याच प्रकरणाचा असावा, असे आता तारखा जुळवून पाहताना दिसते. चुलत्यांना मी आपले उत्तर आज वाचून दाखवले.

हिशेबनीस

मग शंका उरत नाही. प्रवासखर्चाचे बिल नामंजूर होणे आणि आधी उचललेली रक्कम पगारातून वळती होणे, हे सरकारी नोकरीत नित्याचे आहे. चार्ज दिल्या-घेतल्याच्या नोंदींत ‘फोरनून’ व ‘आफ्टरनून’ असे शब्द असतील, तर तेही भाषांतरात गाळू नका. महाराष्ट्राच्या शासकीय आदेशांत त्यांना ‘म.पू.’ आणि ‘म.नं.’, म्हणजे मध्यान्हपूर्व व मध्यान्हनंतर, असे लिहितात. त्या दिवसाचा पगार जाणाऱ्याचा की येणाऱ्याचा, हे त्यावरून ठरते. आणि माझे मत विचाराल तर ‘चार्ज’ हा शब्द तिथे तसाच राहू द्यावा. पणजोबांच्या टाचणांत तो आहे. पत्रांच्या भाषांतरात ‘कार्यभार’ लिहिले तर एकाच संग्रहात एकच घटना दोन नावांनी येईल आणि वाचणाऱ्याला त्या निराळ्या वाटतील.

नवसारीकर

१९३१ च्या वाक्याबद्दल लिहितो. त्या वर्षी २६ फेब्रुवारीच्या रात्री देशभर खानेसुमारी झाली, आणि खानेसुमारीच्या व्यवस्थेत ‘चार्ज’ हे एका विभागाचे नाव होते. घरांचा एक गट म्हणजे ब्लॉक, काही ब्लॉकांचे एक सर्कल आणि काही सर्कलांचा एक चार्ज. ब्लॉकात प्रगणक घरोघर जाई, सर्कलवर पर्यवेक्षक असे आणि चार्जवर चार्ज सुपरिंटेंडेंट. साधारणतः एखादा तालुका किंवा एखादे शहर मिळून एक चार्ज होत असे, त्यामुळे ते काम तालुक्याच्या मुख्य अंमलदाराकडे येणे स्वाभाविकच होते. आजच्या जनगणनेतही चार्ज अधिकारी असतात.

आपल्या वाक्यातले पहिले ‘चार्जेस’ म्हणजे हे विभाग आणि दुसरा ‘चार्ज’ म्हणजे जबाबदारी. त्या विभागांची नावे पत्रात दिली आहेत का? एका वहिवाटदाराकडे तीन विभाग आले असतील, तर त्यांत स्वतःच्या तालुक्याखेरीज शेजारचा महालही (म्हणजे शेजारचा महसुली विभागही) असू शकेल. तसे असेल तर ती नावे भाषांतरात अवश्य द्यावीत. ‘खानेसुमारीचे तीन विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात येत आहेत’ एवढे पुरेसे होईल. ‘जनगणना’ हा शब्द त्या काळच्या कागदात मला उपरा वाटतो.

आपण वडोदऱ्यातच आहात म्हणून आणखी एक सुचवतो. महाराजांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा कोश निघाला. त्यात राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द दिले आहेत. आपले कागद नेमके त्याच राज्यातले आणि त्याच वर्षांतले असल्याने, आजच्या कोणत्याही कोशापेक्षा मी आधी तो उघडेन. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात किंवा मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करून पाहावी.

सातबारा

तिसऱ्या वाक्यासाठी शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज आहे : ‘बोजा’. महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा वा सोसायटीचा बोजा चढतो आणि कर्ज फिटल्यावर तो कमी करून घेतात. आपल्या बाजूला गुजरातीतही ‘बोजो’च म्हणतात. आपण मूळ अर्थ ओझे असल्याचे लिहिले आहे. इथे तर मराठीने तो अर्थ जसाच्या तसा धरला आहे.

‘पहिला हक्क’ म्हणू नये. हक्क म्हटले की मालकी किंवा वहिवाट डोळ्यांपुढे येते, आणि इथे तसे काही नाही. ‘देणे’ही म्हणू नये, कारण देणे माणसावर असते आणि बोजा जमिनीवर. जमीन विकली तरी बोजा तिच्याबरोबर जातो. गहाण व बोजा यांतही फरक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०० व्या कलमात सांगितल्यानुसार, स्थावर मालमत्ता एखाद्या रकमेसाठी तारण झाली, पण तो व्यवहार गहाणाचा नसला, तर तो ‘चार्ज’. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध घेणाऱ्याकडे जातो, बोजात तसे होत नाही.

सावकाराला दिलेल्या उत्तराचे मर्मही इथेच आहे. त्याचे कर्ज कितीही जुने असले तरी साऱ्याची थकबाकी आधी फिटणार, असे त्याला बजावले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ७२ व्या कलमातही जमीन महसूल हा जमिनीवरचा सर्वांत वरचा बोजा मानलेला आहे. म्हणून ‘सरकारी सारा हा जमिनीवरील पहिला बोजा आहे’ असे लिहावे.

दांडियाबाजार_वडोदरा

नवसारीकर, सातबारा, आपले दोघांचेही आभार. पत्राच्या मागच्या बाजूला फिकट पेन्सिलीने तीन नावे आहेत. ती मी आजवर गावांची यादी समजत होते, पण त्यांतले एक तालुक्याचे नाव आहे आणि उरलेली दोन त्याच्या शेजारच्या महालाचे व त्यातल्या कसब्याचे आहेत. तिन्ही भाषांतरात देते. ‘पहिला बोजा’ स्वीकारला आहे आणि नोकरीच्या नोंदींत सर्वत्र ‘चार्ज’ कायम ठेवला आहे. १९३४ च्या पत्राचे वाक्य हिशेबनीस यांनी सुचवल्याप्रमाणे घातले असून, बैलगाडीच्या भाड्याचा अर्ज त्याच्या लगेच मागे लावला आहे.