गणपतीतलं ग्रीक नाटक आणि बी विंगची गळती

लेले ताई, ए-२०३: नमस्कार. लिफ्टजवळची सूचना आत्ता वाचली. तिसऱ्या दिवशी रात्री ८.३० ला 'सोन्याचा हार', ग्रीक कौटुंबिक नाटक. खाली बारीक अक्षरात "मुलाच्या हातून आईचा वध". गणपतीत?? हे कोणी ठरवलं? मागच्या वर्षीच्या त्या एकपात्रीनंतर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

अमेय, बी-६०२: एकपात्रीला आम्ही चारच जण होतो काकू. त्यातले दोघं प्रसादासाठी थांबलेले.

परांजपे, बी-१०४: तालमीसाठी हॉल रोज दोन तास उघडा असतो. भाडं कोण भरतंय? नातीच्या बारशाला माझ्याकडून ३००० घेतले होते. पावती आहे.

कुलकर्णी सर, सी-४०१: लेले ताई, संहिता माझी आहे म्हणून मीच उत्तर देतो. स्टेजवर खून दिसणार नाही. ग्रीक नाटकात मारामारी आत होते आणि दूत बाहेर येऊन सांगतो. आपल्याला दिसतं ते आधीचं बोलणं आणि नंतरचा आकांत.

अमेय, बी-६०२: मॅनेजिंग कमिटीसारखंच की. निर्णय आत, बाहेर नुसती नोटीस 😄

गावडे, सेक्रेटरी: अमेय, ग्रुप कामाच्या मेसेजसाठी आहे.

शिंदे ताई, ए-५०१: सर, गोष्ट तरी कळू दे. थोडक्यात.

अमेय, बी-६०२: कुलकर्णी सर आणि थोडक्यात 🙏

कुलकर्णी सर, सी-४०१: पुलंनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणलं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या ओयदिपौसचे दोन मुलगे थीब्जच्या गादीवर आळीपाळीने एकेक वर्ष बसायचं ठरवतात. धाकला, एटिओक्लिस, वर्ष संपलं तरी उठत नाही. थोरला पॉलिनिकेस आर्गोसला जातो, तिथल्या अड्रॅस्टस राजाचा जावई होतो आणि थीब्जवर सात वीरांची स्वारी काढायला लावतो. अड्रॅस्टसचा मेहुणा अँफियारॉस भविष्य जाणणारा. त्याला दिसतं की या स्वारीतून अड्रॅस्टस सोडून कोणी जिवंत परतणार नाही. तो नाही म्हणतो.

पण अड्रॅस्टस आणि अँफियारॉसचं जुनं भांडण मिटवताना शपथ झालेली असते: पुढे वाद झाला तर एरिफिली सांगेल ते शेवटचं. एरिफिली म्हणजे अड्रॅस्टसची बहीण आणि अँफियारॉसची बायको. पॉलिनिकेस तिच्यासाठी घराण्यातला सोन्याचा हार घेऊन येतो. घराण्याची पूर्वज राणी हार्मोनिया हिला लग्नात मिळालेला, देवांच्या लोहाराने घडवलेला. ती तो घेते आणि निकाल देते, नवऱ्याने जावं.

परब, सी-१०२: धाकला की थोरला, नक्की का सर? आमच्याकडे पण वाटणीत हेच झालं.

कुलकर्णी सर, सी-४०१: बरोबर पकडलंत. त्यावर जुन्या लेखकांचंच एकमत नाही.

परब, सी-१०२: आमच्याकडेही नाही.

परांजपे, बी-१०४: हॉलच्या भाड्याचं उत्तर मिळालं नाही.

लेले ताई, ए-२०३: मग आईचा खून कुठून आला?

कुलकर्णी सर, सी-४०१: अँफियारॉस निघताना मुलांना बाजूला घेतो. मोठे झालात की आईला मारा, आणि थीब्जचा सूड घ्या. एरिफिलीला यातलं काही माहीत नसतं. तो थीब्जला रथासकट जमिनीत गडप होतो. दहा वर्षांनी त्या सात वीरांची मुलं परत थीब्जवर निघतात. या वेळी पॉलिनिकेसचा मुलगा एरिफिलीला हार्मोनियाचंच भरजरी वस्त्र देतो, मुलांना युद्धावर पाठव म्हणून. ती तेही घेते. मोठा मुलगा अल्कमिऑन जिंकून येतो, दोन्ही भेटी कळतात आणि तो तिला मारतो.

अमेय, बी-६०२: एकाच घराने दोनदा लाच दिली, आणि तीही घरातल्याच वस्तूंची. नवीन खर्च शून्य. ट्रेझरर साहेबांनी शिकण्यासारखं आहे.

म्हात्रे काका, बी-३०१: सर, हे तर आपल्याकडचंच. जमदग्नींनी परशुरामाला आईचा वध करायला सांगितला, त्याने केला.

देशमुख वहिनी, ए-४०२: माफ करा काका, पण माहूरची रेणुकामाता आमची कुलदेवता आहे. लाच खाणाऱ्या बाईशी तिची तुलना नको.

म्हात्रे काका, बी-३०१: वहिनी, तुलना आईची नाही हो, बापाची. आमच्याही देव्हाऱ्यात रेणुका आहे.

कुलकर्णी सर, सी-४०१: दोघांचंही बरोबर. फरक पुढे आहे. परशुरामाला वर मिळतो, तो आई जिवंत मागतो आणि ती उठते. अल्कमिऑनला वर देणारं कोणी नाही. बापाची आज्ञा पाळली, अपोलोनेही कौल दिला होता, तरी आईच्या रक्ताच्या सूडदेवता मागे लागतात आणि तो वेडा होऊन गावोगाव फिरतो. आज्ञा पाळली तरी सुटका नाही. मला नाटक लिहावंसं वाटलं ते त्यासाठी.

लेले ताई, ए-२०३: दहा वर्षांच्या मुलांना हे कळणार आहे का?

अमेय, बी-६०२: काकू, दहा वर्षांची मुलं मोबाइलवर काय बघतात ते विचारू नका.

शिंदे ताई, ए-५०१: एरिफिलीचं काम कोण करतंय?

कुलकर्णी सर, सी-४०१: गावडे वहिनी.

शिंदे ताई, ए-५०१: अरे वा. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ, आणि मध्ये भेटवस्तू. वेगळी तालीम लागणार नाही.

गावडे, सेक्रेटरी: शिंदे ताई, काय म्हणायचंय ते स्पष्ट लिहा.

शिंदे ताई, ए-५०१: मी नाटकाबद्दल बोलतेय. ज्यांच्या भिंतीतून पावसाळाभर पाणी आलं त्यांना कळलं असेल.

म्हात्रे काका, बी-३०१: आमच्या बेडरूमची भिंत अजून ओली आहे. रंगकाम होऊन वर्ष झालं. कोणावर आरोप नाही.

अमेय, बी-६०२: "कोणावर आरोप नाही" हे कोरसने म्हणायचं वाक्य आहे. सर, घेऊन टाका.

परांजपे, बी-१०४: हॉल रोज दोन तास. भाडं कोण भरतंय? बारशाला माझ्याकडून ३००० घेतले. पावती आहे. (पुन्हा टाकतोय, कदाचित नजरेतून सुटलं असेल.)

गावडे, सेक्रेटरी: परांजपे काका, सोसायटीच्या कार्यक्रमाला भाडं नसतं. आपला कार्यक्रम खाजगी होता.

परांजपे, बी-१०४: बारशाला अख्खी सोसायटी जेवून गेली. खाजगी?

अमेय, बी-६०२: काका, जिलेबी लाजवाब होती 🙏

देशमुख वहिनी, ए-४०२: नाटकात हार कुठला वापरणार? माझी ठुशी मिळणार नाही, आधीच सांगते. गौरीच्या वेळी दिलेला बाजूबंद आजतागायत आलेला नाही.

लेले ताई, ए-२०३: तो बाजूबंद मी तुमच्या सासूबाईंच्या हातात दिला होता.

देशमुख वहिनी, ए-४०२: मी नाव घेतलं होतं का?

कुलकर्णी सर, सी-४०१: हार इमिटेशनचाच आहे. खऱ्याची कथा तर पुढेही संपत नाही. अल्कमिऑन तो पहिल्या बायकोला देतो, मग दुसरीला हवा होतो. डेल्फीला देवाला वाहायचाय अशी थाप मारून परत मागून घेतो, थाप उघडी पडते आणि पहिलीचे भाऊ त्याला मारतात. शेवटी हार खरंच डेल्फीला जातो. इ. स. पू. चौथ्या शतकात फोकिसवाल्यांनी ते देऊळ लुटलं, तेव्हा एका बाईने तो मिरवला आणि तिच्याच धाकट्या मुलाने वेडाच्या भरात घर पेटवलं, अशी दंतकथा आहे. पुढे सायप्रसमधल्या एका देवळात "हाच तो हार" म्हणून दाखवायचे. पाउसानियास नावाचा प्रवासी म्हणतो, हा तो नव्हे. महाकवी होमरने नुसतं सोनं म्हटलंय आणि यात हिरवे खडे आहेत.

परब, सी-१०२: हॉलमार्क बघणारा माणूस दिसतोय.

सौ. गावडे, ए-१०१: सकाळपासून वाचतेय. स्वयंपाक आवरून लिहिते आहे.

बी विंगच्या रंगकामाच्या कंत्राटदाराचं नाव माझ्या भावाने सुचवलं हे खरं आहे. कोटेशन तीन आली होती, कमिटीने उघडली, मी त्या बैठकीत नव्हते. दिवाळीत कंत्राटदार चांदीचा करंडा घेऊन आला तेव्हा शिंदे ताई, तुम्ही माझ्याच घरी फराळाला बसला होतात. मी तो घ्यायला नको होता असं वाटत असेल तर त्याच दिवशी सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, छान घडण आहे.

आता भूमिकेबद्दल. होमर एरिफिलीला एका ओळीत निकालात काढतो: द्वेष करावा अशी बाई, सोन्यासाठी नवऱ्याचा जीव विकणारी. हार घेऊन आलेल्याबद्दल त्या ओळीत एक शब्द नाही. भविष्य ठाऊक असलेला नवरा बायकोशी भांडत नाही. गुपचूप मुलांच्या कानात विष ओततो आणि रथात बसतो. तिने सोनं घेतलं, चुकलंच. पण दहा वर्षं तिच्याच हातचं जेवणारी मुलं काय मनात धरून होती, हे त्या घरात तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला तो प्रवेश करायचाय. सर, तो कापू नका.

कुलकर्णी सर, सी-४०१: कापणार नाही.

लेले ताई, ए-२०३: गावडे वहिनी, माझा आक्षेप तुमच्यावर नव्हता. फक्त वेळ बदला. लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस आधी, आरती मध्ये, नाटक ९.३० नंतर.

कुलकर्णी सर, सी-४०१: मान्य.

शिंदे ताई, ए-५०१: मी करंड्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

सौ. गावडे, ए-१०१: नव्हता. म्हणून मी केला. सर्वसाधारण सभेत करंडा टेबलावर ठेवते, बी विंगच्या बिलांची फाइल शेजारी. म्हात्रे काका, भिंतीचे फोटो घेऊन या. तिन्ही कोटेशन मोठ्याने वाचायला लावा, आमच्या ह्यांनाच.

गावडे, सेक्रेटरी: हे घरी बोलूया.

सौ. गावडे, ए-१०१: नको, इथेच बरं आहे.

म्हात्रे काका, बी-३०१: फोटो आणतो. तारखेसकट.

परांजपे, बी-१०४: सभेच्या विषयपत्रिकेत हॉलचं भाडं घ्यावं. पावतीची झेरॉक्स सर्वांना देईन.

अमेय, बी-६०२: गेटवर टँकर अडकलाय. ज्यांची पांढरी गाडी आडवी आहे त्यांनी लगेच खाली या. शिंदे काका, तुमचीच आहे.