जुनी एमएक्स-५: सीटमागे पाणी, इंजिनमागे तेल. आधी काय तपासू?

लीड्सकर

गाडी १९९२ ची माझदा एमएक्स-५, इंजिन १.६. टप व्हिनाइलचा, मागची खिडकी चेनवाली, प्लॅस्टिकची. गाडी उघड्यावर, बर्चच्या झाडाखाली उभी असते.

रात्रभर पाऊस लागला की सीटमागचं कार्पेट पिळून काढण्याइतकं भिजतं, उजवीकडे जास्त. पुढे पायाशी कोरडं. टपाला भोक दिसत नाही, तरी नवा टप घ्यावा का?

दुसरं, बेलहाउसिंगवर (इंजिनला गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणावर) तेलाचे थेंब आहेत. एका गॅरेजने क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं. एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी) मार्चमध्ये आहे. घरी पाने, जॅक आणि दोन ॲक्सल स्टँड आहेत.

पन्हळ

टप घेऊ नका, निदान अजून तरी. या टपावर पडणारं पाणी बाहेरच्या बाहेर जात नाही. ते टपाच्या मागच्या कडेखालच्या प्लॅस्टिकच्या पन्हळीत उतरतं, तिथून दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांत, आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे गाडीखाली पडतं. बर्चचं बी आणि पानांचा चुरा या नळ्यांत बसला की पन्हळ भरते आणि पाणी आतल्या बाजूने सांडतं. तुमची लक्षणं नेमकी हीच आहेत. पुढे ओलं असतं तर दाराचं सील, काचेची बैठक किंवा हीटरची गळती पाहायला सांगितलं असतं.

आधी चाचणी करा. टपाच्या पुढच्या दोन्ही कड्या सोडून टप अर्धा उचला. सीटबेल्टच्या खांबामागे टॉर्च मारलात की पन्हळीचा कोपरा आणि नळीचं तोंड दिसेल. तिथे अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि कोणाला तरी गाडीखाली बघायला सांगा. पाणी लगेच धार धरून पडलं पाहिजे. थेंब थेंब पडलं किंवा वर साचलं, तर नळी तुंबली आहे.

साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरने गोल करून. वरून फिरवत फिरवत घाला, मग कोमट पाणी सोडा, पुन्हा दोरी. लोखंडी तार किंवा हँगर मुळीच नको. नळी फाटली किंवा सांध्यातून निसटली तर सगळं पाणी थेट सिलच्या (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीच्या) पोकळीत जाईल, आणि ते कार्पेट भिजण्यापेक्षा कितीतरी वाईट. कंप्रेसरची जोराची हवाही याच कारणाने टाळा.

झाडाखाली उभ्या गाडीला हे काम वर्षातून दोनदा लागतंच: पानगळ संपल्यावर एकदा आणि बर्चचं बी गळून गेल्यावर एकदा.

गंजतपास

वरच्या उत्तराला जोडून. पाणी किती दिवस मुरतंय यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. या गाडीची सिल मागच्या चाकापुढच्या टोकाला आतून कुजते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुतेक गेलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलच्या पूर्ण लांबीवर ठोकत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला की तिथे थांबा आणि टोक दाबून बघा. सिलच्या खालची निचऱ्याची छिद्रंही मोकळी आहेत ना ते पाहा.

एमओटीत सीटबेल्ट आणि सस्पेन्शनच्या बैठकीपासून ३० सेंमीच्या आतला भारवाही पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. तिथे पुट्टी भरून चालत नाही, नवा पत्रा वेल्डच करावा लागतो. म्हणून मार्चची वाट न बघता आत्ताच ठोकून पाहा.

कार्पेट पूर्ण काढा. खालचा फोम वरून कोरडा वाटला तरी आत पाणी धरून ठेवतो. तो घरात उभा करून वाळवा. सगळं खरंच कोरडं झाल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारा. डबा आधी गरम पाण्यात ठेवलात तर मेण पातळ होऊन सांध्यांत शिरतं. ओल्या पत्र्यावर मारलंत तर ओल आतच कोंडाल. फवारून झाल्यावर छिद्रं तारेने पुन्हा मोकळी करा. इथे तार चालते, नळीत नाही.

पाना१२

तेलाबद्दल. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), कॅम अँगल सेन्सर बघा; कॅमशाफ्ट किती फिरला हे तो इंजिनच्या संगणकाला कळवतो. त्याच्या बुडाशी एक ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, असते. इतक्या वर्षांत ती दगडासारखी कडक होते, तेल हेडच्या पाठीवरून बेलहाउसिंगवर ओघळतं आणि खालून पाहणाऱ्याला सील गेल्यासारखं दिसतं. ओ-रिंग नगण्य किमतीची, गिअरबॉक्स काढायची मजुरी मात्र मोठी. सेन्सरच्या खाली बोट फिरवा. तिथे ओलं असेल तर उगम वर आहे. ब्रेक क्लीनरने पाठ पुसून कोरडी करा, वीस मिनिटं गाडी चालवा, पुन्हा बघा.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सेन्सर आणि हेड या दोन्हींवर आडवी एक बारीक रेघ ओरखडा, ही पायरी चुकवू नका, कारण सेन्सर फिरला की इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, फिरतं. मग कनेक्टर काढून १२ मिमीचा एकच बोल्ट सोडवा. हात शिरत नसेल तर कॉइल पॅक (स्पार्क प्लगना वीज देणारा भाग) बाजूला घ्या. सेन्सर डुलवत सरळ मागे ओढा, जुनी ओ-रिंग कापून काढा, नवीला इंजिन ऑइल लावून बसवा. सेन्सरच्या दांड्याची जीभ मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. बसेना तर ठोकू नका, दांडा अर्धा फेरा फिरवा.

शेवटी टायमिंग तपासा. इंजिन गरम, दिवे आणि पंखा बंद. इंजिनपाशी असलेल्या डायग्नोस्टिक बॉक्समधली टीईएन आणि जीएनडी लिहिलेली दोन टोकं तारेने जोडा, टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या तारेवर लावा. क्रँकच्या पुलीवरची खूण १० अंशांवर यायला हवी.

सेन्सर कोरडा निघाला तर व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचा मागचा कोपरा पाहा. त्याचे बोल्ट ५ ते ९ न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे. जास्त जोर दिलात तर हेडमधल्या आट्या जातात.

लीड्सकर

मनापासून आभार. डावीकडचं अर्धा लिटर पाणी लगेच गेलं. उजवीकडे तुंबून राहिलं. दोरीने काळा चिखल आणि बिया निघाल्या, आता धार पडते. सिल दोन्हीकडे खणखणीत वाजते. सेन्सरखाली बोट तेलाने माखलं, ओ-रिंग मागवली आहे. पण उजव्या कोपऱ्यात पन्हळच दोन इंच चिरलेली दिसतेय. चिकटवता येईल का?

पन्हळ

दोन इंचाची चीर असेल तर हो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळल्यावर ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आतून दाबून बसवा, चिरेच्या दोन्ही टोकांपुढे निदान ३ सेंमी. सिलिकॉन नको, या प्लॅस्टिकवरून काही महिन्यांत सुटतं आणि नंतर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. पन्हळ बोल्टांच्या भोकांपाशी फाटली असेल तर मात्र ती बदलावी लागते. त्यासाठी टपाच्या मागच्या पट्ट्यांचे १० मिमीचे नट सोडवायचे, आणि गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच भेदक तेल लावून ठेवायचं. नाहीतर बोल्ट तुटतो.

आणखी एक, टप दुमडताना आधी खिडकीची चेन उघडून खिडकी सपाट टॉवेलवर टाका. थंडीत हे प्लॅस्टिक घडीवरच तडकतं.