मदत हवी आहे : पोरं सरावाची वाट सोडेनात

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यात आठवीला गणित शिकवतो. लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं १९४२ सालचं पाण्याच्या भांड्यांचं कोडं वर्गात करून पाहिलं. भांडी २१, १२७ आणि ३ मापांची, पाणी हवं १०० माप. १२७ मधून एकदा २१, दोनदा ३ काढायचे. अशी पाच गणितं पटापट सुटली. मग दिली २३, ४९, ३, हवेत २०. वर्गाने पुन्हा तीच लांबड लावली! २३ मधून ३ काढले की झालं, हे एकाच मुलीला दिसलं. (घरी टँकरचं पाणी तीच भरते म्हणे.) लुचिन्सने मुलांकडून ‘आंधळे होऊ नका’ असं कागदावर लिहून घेतलं होतं. मी नुसतं तोंडी बजावलं, फरक शून्य. हे झापड काढायला तुम्ही वर्गात नेमकं काय करता? शेतातली, केळीच्या बागेतली कोडी असतील तर आधी तीच द्या. अहिराणीत लिहिलंत तरी चालेल.